मौनाचा अर्थ

कथलाची कांब वाकविली असतां करकरते. ताण पडलेल्या पदार्थांचा असा सूक्ष्म नाद ऐकून दाबपात्रें व पूल न फोडतां तपासतात. १९५० सालीं म्यूनिक येथें जोसेफ कायझर यांनीं आपल्या प्रबंधांत दाखविलें कीं, एकदां सोसलेला भार पुन्हां घातल्यास धातु मूक राहतो. ती मर्यादा ओलांडली म्हणजेच नाद पुन्हां उमटतो. तेव्हां त्या मौनाचा अर्थ इतकाच कीं, एवढें यापूर्वीं सोसलें आहे. उलट, आंतून भंगलेला पदार्थ बहुधा त्याहून कमी भारानेंच कण्हूं लागतो.

माणसांच्या बाबतींत समाज गप्प राहणाऱ्यास सुखी समजून त्याचें ओझें वाढवितो, आणि लवकर विव्हळणाऱ्यास नाजूक ठरवितो. आमच्या मतें, ओझें लादण्याचा अधिकार ज्यानें घेतला, त्याच्यावर कान देण्याचें कर्तव्यही येऊन पडतें.