मोह, अज्ञान आणि ‘अर्धी कथा’ : जैन कर्मविचारातील आत्मज्ञानाचा प्रश्न

मराठी बोलीत ‘कर्म’ हा शब्द प्रायः हताशेचा उद्गार म्हणून येतो. ‘माझे कर्म!’ असे म्हणत कपाळाला हात लावणाऱ्या माणसाला या शब्दाने दैव सुचवावयाचे असते. जे घडले त्याचा कर्ता अन्यत्र आहे आणि आपल्याकडे उरले आहे ते केवळ भोगणे, असा त्याचा भाव असतो. जैन दर्शनातील कर्मविचाराकडे याच सवयीने पाहिले, तर तो नियतिवादाचा एक क्लिष्ट प्रकार वाटतो. वस्तुतः त्याचा रोख वेगळा आहे. येथे फळ वाटून देणारा ईश्वर नाही. कर्म हे सूक्ष्म पुद्गल, म्हणजे एक जडद्रव्य आहे. मन, वचन आणि काया यांच्या स्पंदनाने ते आत्म्याकडे ओढले जाते आणि क्रोध, मान, माया, लोभ या कषायांमुळे त्याला चिकटते. दैवाला जाब विचारता येत नाही. कषायांकडे मात्र पाहता येते. म्हणूनच कर्माचा प्रश्न जैन परंपरेत आत्मज्ञानाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही.

परंतु येथेच एक पेच उभा राहतो. आत्मा स्वभावतः ज्ञाता आहे आणि कर्माने त्याचे ज्ञान झाकले आहे, असे मानले तर ज्याचे ज्ञानच झाकलेले आहे त्याला आपण झाकलेले आहोत हे कळावे कसे? परंपरेचे पहिले उत्तर असे की आवरण कधीच संपूर्ण नसते. ढग कितीही दाट असले तरी दिवस आणि रात्र यांतील भेद लोपत नाही. तसा निगोदातील अत्यंत हीन जीवाच्या ठायीही ज्ञानाचा अंश उघडा राहतो. हे उत्तर आवश्यक असले तरी पुरेसे नाही. ज्ञानाचा अंश शिल्लक असणे वेगळे आणि त्याने स्वतःकडे वळणे वेगळे.

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर कर्माच्या वर्गीकरणात दडलेले आहे. आठ मूळ प्रकृतींपैकी ज्ञानावरणीय, दर्शनावरणीय, मोहनीय आणि अंतराय या चार आत्मगुणांचा घात करणाऱ्या मानल्या आहेत. ज्ञानावरणाला उपमा दिली जाते ती पडद्याची, मोहनीयाला मद्याची. पडद्यामुळे दिसत नाही. मद्यामुळे दिसते, परंतु भलतेच दिसते. पहिल्यात अभाव आहे, दुसऱ्यात विपर्यास. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात ज्ञानावरणाची उत्कृष्ट स्थिती ३० कोटाकोटी सागरोपम सांगितली आहे, तर मोहनीयाची ७०. आकड्यांचे पौराणिक परिमाण बाजूला ठेवले तरी त्यांतून सूचित होणारा मूल्यक्रम स्पष्ट आहे : न कळण्यापेक्षा चुकीचे कळून घेण्याची ओढ अधिक चिवट असते.

क्षयाचा क्रमही हेच सांगतो. आधी मोह नष्ट होतो. ज्ञानावरण, दर्शनावरण आणि अंतराय त्यानंतर नाहीसे होतात आणि मग केवलज्ञान प्रकटते. चौदा गुणस्थानांपैकी बारावे या दृष्टीने विशेष मननीय आहे. तेथे मोह पूर्ण क्षीण झालेला असतो, परंतु ज्ञानावरण अद्याप शिल्लक असते. असा जीव वीतराग आहे, पण सर्वज्ञ नाही. ही अवस्था अंतर्मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतच टिकते; तरी सिद्धांताने तिला स्वतंत्र जागा दिली, हे अर्थपूर्ण आहे. सर्व काही जाणल्याशिवाय निर्मोही होता येत नाही, ही सबब त्यामुळे उरत नाही. याउलट अकराव्या गुणस्थानात मोह केवळ दबलेला असतो. गाळ खाली बसल्याने पाणी निवळ दिसते, परंतु गाळ भांड्यातच असतो. म्हणून तेथून पतन अटळ मानले आहे. आत्मज्ञान हा माहितीचा प्रश्न होण्यापूर्वी शीलाचा प्रश्न आहे, हा या मांडणीचा गाभा होय.

या गाभ्याला सर्वांत मोठे आव्हान जैन परंपरेच्या आतूनच मिळाले. कुंदकुंदाचार्यांच्या ‘समयसारा’त निश्चयनयाने आत्मा पुद्गलकर्माचा कर्ता नाही; तो केवळ आपल्या भावांचा कर्ता आहे. मग व्रत, पूजा, प्रायश्चित्त यांचे काय? आत्मा मुळात अबद्धच असेल, तर बंधनाची काळजी कोणी का करावी? कुंदकुंदांनी व्यवहारनय टाकून दिलेला नाही. अनार्याला त्याच्या भाषेवाचून समजावता येत नाही, तसा व्यवहारावाचून परमार्थ सांगता येत नाही, असे ते म्हणतात. परंतु वाचक ग्रंथातून नेहमी तोल उचलतोच असे नाही.

या संदर्भात बनारसीदासांचे (जन्म १५८६) उदाहरण केवळ चरित्रात्मक नाही. ते एका वाचनाचे उदाहरण आहे. जौनपुरात जन्मलेल्या आणि पुढे आग्र्यात स्थिरावलेल्या या व्यापारी कवीने १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र पूर्ण केले. राजमल्लांच्या टीकेसह ‘समयसार’ वाचल्यावर आपल्याला क्रियाकांडाचा वीट कसा आला, आणि मित्रांसह कोठडीत विवस्त्र होऊन ‘आम्ही मुनिराज झालो’ म्हणत आपण कसे नाचलो, हे ते स्वतःच सांगतात. निश्चयनय ओठांवर होता. मान हा कषाय मात्र जागचा हलला नव्हता. पुढे १६३५ मध्ये रूपचंद पांडे यांनी ‘गोम्मटसारा’चे विवेचन केले. गुणस्थानानुसार ज्ञान आणि क्रिया यांचा मेळ कसा बसतो, हे तेव्हा त्यांना उमगले. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘समयसार नाटक’ रचले. ज्या ग्रंथाने तोल गेला त्याचाच त्याग न करता तो पुन्हा, पायऱ्यांचे भान ठेवून वाचणे, हा या घटनाक्रमातील खरा बदल आहे. ‘मी शुद्ध आहे’ हे विधान सिद्धांत म्हणून सत्य असूनही वक्त्याच्या मुखी असत्य ठरू शकते. कारण ते कोणत्या भूमीवरून उच्चारले जाते, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

‘अर्धकथानका’चा वाङ्मयप्रकार या जाणिवेतून पाहावयास हवा. मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरून ५५ वर्षांची ही कथा म्हणून ‘अर्धी’. शेवटी लेखक आपल्या गुणांची आणि दोषांची यादी देतो. एका जीवाच्या एका दिवसात जितक्या दशा होतात त्या केवलीला ठाऊक असल्या तरी सांगता येणार नाहीत, असेही तो म्हणतो. म्हणजे अपुरेपण केवळ वयाचे नाही. ते आत्मकथनाच्या स्वरूपातच आहे. आपल्या संतकाव्यातील दोषोच्चाराशी तुलना केली तर येथील वेगळेपण ठळक होते. तेथे ‘मी पतित’ असे म्हणणाऱ्याला ऐकणारा विठ्ठल असतो आणि कृपेची शक्यता असते. जैन आलोचना गुरूसमोर होत असली तरी क्षमा करून कर्म झाडून टाकणारा कोणी नाही. त्यामुळे बनारसीदासांच्या कबुलीत आर्तता कमी आणि हिशेब अधिक आहे. व्यापाऱ्याची चोपडी आणि श्रावकाचे प्रतिक्रमण तेथे शेजारी येतात.

तरीही एक गंभीर आक्षेप उरतो. दुःख हे असातावेदनीय कर्माचा उदय असेल, तर दुःखितालाच दोषी ठरवण्याची सोय या सिद्धांतात नाही काय? बनारसीदासांची नऊ मुले एकामागून एक गेली. पानगळीनंतर ठुंठासारखी उरलेली दोन माणसे, अशा उपमेने ते पतिपत्नीचे एकाकीपण सांगतात. लगेच पुढे, तत्त्वदृष्टीने पाहता परिग्रह जितका घटेल तितकी शांती, असेही म्हणतात. पण संसारी माणसाला ते पटत नाही, हेही नोंदवतात. त्या ओळींत कोणत्या पापाचे हे फळ, याचा शोध नाही. सांत्वन उपलब्ध आहे, आणि ते पुरत नाही हेही लपवलेले नाही.

मला वाटते, आक्षेपाचे उत्तर या संयमात आहे. कर्माची भाषा प्रथमपुरुषी भाषा आहे. ‘माझ्या या अवस्थेत माझ्या कषायांचा वाटा कोणता?’ असे विचारताना ती आत्मज्ञानाचे साधन होते. हीच भाषा दुसऱ्याच्या दुःखाकडे बोट दाखवून वापरली, की ती बोलणाऱ्याच्या मानकषायाची साक्ष देते. ज्याचे कर्म आपण वाचतो आहोत असे त्याला वाटते त्याचे नव्हे, तर त्याचे स्वतःचेच कर्म तेथे बांधले जाते. सिद्धांत हा भेद प्रत्येक ठिकाणी उघड करून सांगत नाही, आणि म्हणून त्याचा दुरुपयोग संभवतो, हे मान्य केले पाहिजे. परंतु परकर्माचे यथार्थ ज्ञान केवलीलाच असते, हे त्याच सिद्धांताचे प्रतिपादन गंभीरपणे घेतले, तर आपल्यासारख्या छद्मस्थांना दुसऱ्याच्या दुःखाचा निवाडा करण्याचा अधिकार उरत नाही. उरते ती स्वतःची अर्धी कथा. आणि तीही पुन्हा तपासण्याच्या अटीवर.