खिन्न मनुष्य आळशी असतो काय ?

शरीर हालतें राहिलें म्हणजे मन हलकें होतें, ही गोष्ट आतां केवळ वडील माणसांच्या अनुभवाची राहिलेली नाहीं. अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत जेम्स ब्लूमेंथल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं विषादाच्या रोगानें ग्रासलेल्या १५६ स्त्रीपुरुषांचे तीन वर्ग केले. सर्व पन्नाशीचे किंवा त्यापुढचे. एका वर्गास औषध दिलें, दुसऱ्याकडून आठवड्यांतून तीन वेळां व्यायाम करविला, तिसऱ्यास दोन्ही उपाय केले. १६ आठवड्यांनंतर तिन्ही वर्गांत सुधारणा जवळजवळ सारखीच दिसली. औषध घेणाऱ्यांस मात्र ती लवकर दिसूं लागली. हा वृत्तांत १९९९ सालीं प्रसिद्ध झाला.

यावरून कोणी असें अनुमान काढील कीं, जो खिन्न आहे तो आळशी आहे. हें अनुमान क्रूर आहे, आणि आमच्याही हातून तें घडलें आहे. अंथरूण न सोडणाऱ्या एका शेजाऱ्यांस आम्ही म्हणालों, "उठा, चार पावलें चाला, म्हणजे बरें वाटेल." त्यांनीं मान हालविली व भिंतीकडे तोंड केलें. ह्या रोगांत उठण्याची इच्छाच आधीं नाहींशी होते; तेव्हां आमचा उपदेश पाय मोडलेल्यास धांव म्हणण्यासारखा झाला. वर सांगितलेल्या रोग्यांनींही व्यायाम केला तो एकट्यानें नव्हे, तर इतरांबरोबर व शिक्षकाच्या देखरेखीखालीं. मग गुण चालण्याचा किती आणि सोबतीचा किती, हें वेगळें करणें कठीण आहे.

आमचे वाचक विचारतील, "आम्ही दिवसभर खुरपतों, भारे वाहतों; मग आमचें मन जड कां ?" प्रश्न रास्त आहे. मोकळ्या वेळीं आपखुषीनें केलेल्या हालचालीचा मनास जसा लाभ दिसतो, तसा पोटासाठीं कराव्या लागणाऱ्या कष्टांचा शोधकांस दिसलेला नाहीं. कर्जाच्या धाकानें उपसलेले कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे. सांजवेळीं वाकलेल्या कमरेनें घरीं आलेल्या बाईस फिरावयास जा म्हणणें ही थट्टा आहे. तिला घटकाभर ओट्यावर बसूं द्यावें, व चूल दुसऱ्या कोणीं पेटवावी.

आणि जो मरणाची भाषा बोलूं लागला असेल, त्यास एकटें न सोडतां डॉक्टराकडे न्यावें. तेथें व्यायामाची गोष्ट काढूं नये.

त्या शेजाऱ्यांकडे पुढें त्यांचा पुतण्या रोज येऊं लागला. त्यानें उपदेश केला नाहीं. "काका, गुरें पाण्यावर न्यावयाचीं आहेत, सोबतीस येतां ?" एवढेंच तो विचारी. कित्येक दिवस ते उठले नाहींत. मग एके सायंकाळीं ते कुंपणापर्यंत आले, आणि पुतण्याही गुरें थांबवून तेथेंच उभा राहिला.