ठेव आणि गोधडी

जगात माणसांचे दोन प्रकार असतात असे मी बरीच वर्षे मानत होतो. एक, जुन्या वस्तू टाकून देणारे. आणि दोन, जुन्या वस्तू जपून ठेवणारे. आमची ही पहिल्या प्रकारात मोडते. मी दुसऱ्या. माझ्याकडे चालत नसलेली तीन घड्याळे आहेत आणि त्या तिन्हींच्या किल्ल्या द्यायला मी अजून विसरत नाही. पण या वाटणीत माझ्या आईला कुठे बसवावे हे मला कधीच कळले नाही. कारण आई जुनी वस्तू टाकत नाही आणि ठेवतही नाही. ती कापते.

आम्ही डोंगरीला राहतो. डोंगरी म्हटले की लोकांना मुंबईतली डोंगरी आठवते आणि ते माझ्याकडे जरा जपून बघू लागतात. आमची डोंगरी ती नव्हे. भाईंदर पश्चिमेला स्टेशनाबाहेर उत्तनकडे जाणारी बस पकडायची, खाडी आणि मिठागरांचा वास घेत बसायचे, आणि चौक, उत्तन अशी नावे ऐकू येऊ लागली की आपले गाव आले असे समजायचे. गावात बेथलेहेम मातेचे चर्च आहे, लाल कौलांची काही घरे आहेत आणि डिसेंबरात समुद्रावरून येणारा वारा आहे. मुंबईत थंडी नसते म्हणणाऱ्यांनी पहाटे पाचला आमच्या गच्चीवर यावे. परत जाताना अंगावर घालायला गोधडी देऊ. विकत मात्र नाही, आणि इथूनच या लेखातली अडचण सुरू होते.

आईची गोधडी म्हणजे घरातला कारखानाच. दुपारी जेवणे आटोपली की बाहेरच्या खोलीतला टीपॉय उभा केला जातो, त्यावरचे माझे वर्तमानपत्र फेकले जाते आणि जमिनीवर एक जुने नऊवारी पसरले जाते. चारी कोपऱ्यांवर पाट, वरवंटा, मुलीचे भूगोलाचे पुस्तक, जे जड असेल ते. त्यावर जुन्या कपड्यांचे थर. मग कडेपासून धावदोरा सुरू होतो आणि गोल गोल फिरत आत आत सरकतो. शेवटचा टाका मध्यावर. आई ज्या जागी बसते तिथून उठत नाही. गोधडीच तिच्याभोवती फिरते. आमच्या शाखेत व्यवस्थापकही असेच बसतात, पण त्यातून ऊब निघत नाही.

हिच्याकडे कुणी गोधडी म्हणते, कुणी वाकळ. कर्नाटकात कवदी, बंगालात कांथा, बिहारात सुजनी. म्हणजे ज्या देशात भाषेवरून, पाण्यावरून आणि हद्दीवरून भांडणे होतात, त्या देशातल्या सगळ्या आज्या एकच काम करत बसल्या होत्या आणि एकमेकींना त्याचा पत्ता नव्हता. शेजारच्या ख्रिस्ती मावशी आपली जुनी लुगडी आईला आणून देतात. त्या लाल-हिरव्या चौकड्यांनी आमच्या गोधडीला जी शोभा येते ती कुठल्या दुकानात मिळायची नाही. आमच्या हिच्या साड्या मात्र आई हातात धरून परत करते. "नायलॉन आहे. घाम पीत नाही, माया धरत नाही." हे माझ्या बायकोबद्दल आहे की साडीबद्दल, याचा खुलासा दोघींनीही अद्याप केलेला नाही.

मागे मुंबईहून एक बाई आल्या होत्या. त्यांना कपड्यांच्या कलेची फार जाण होती. आईची गोधडी उलटीपालटी करून त्या म्हणाल्या, "आजी, ही मी भिंतीवर लावीन. काय घ्याल?"

आईने विचारले, "भिंतीला थंडी वाजते का?"

बाई हसल्या. मी हसलो नाही, कारण मी बी.कॉम. आहे. बाई गेल्यावर मी हिशेब मांडला. कच्चा माल : शून्य. मजुरी : अडीच महिन्यांच्या दुपारी. दोरा : दोन रिळे. अमूर्त मालमत्ता : आजीच्या पातळाचा काठ, माझ्या मुंजीतला कद, मुलीचे पहिले झबले. इथे येऊन माझी पेन्सिल थांबली. कॉलेजात घसारा काढायच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. सरळरेषा पद्धतीत वस्तूची किंमत दरवर्षी सारखी कमी होत अखेर भंगाराच्या भावावर येते. ऱ्हासमान शेष पद्धतीत ती कमी कमी होत जाते, पण शून्य कधीच होत नाही. पण भंगार झाल्यावर जिची किंमत वाढू लागते अशा वस्तूचे खाते कसे लिहावे, हे आम्हाला कुणी शिकवले नव्हते.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे.

गेल्या पावसाळ्यात आईच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. हातही थरथरू लागला आहे. सुईत दोरा आता नात ओवून देते. दसऱ्याच्या सुमारास आई म्हणाली, "एक शेवटची शिवते. बाबांचा सदरा काढून दे."

बाबांचा सदरा म्हणजे पांढऱ्यावर बारीक निळी रेघ. बाबा मुंबईच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली आणि त्यातली असंख्य पुन्हा आत गेलीच नाहीत. बाबा त्यांतलेच. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. संपाच्या आधी गिरणीच्या दुकानातून त्यांनी हे कापड घेतले होते. ते त्यांच्याच खात्यात विणलेले होते असे ते सांगत. खरेखोटे तो साचा जाणे. पुढे त्यांनी वॉचमनचा खाकी गणवेश वीस वर्षे घातला. पण हा सदरा ठेवणीतला. मी बँकेत लागलो त्या दिवशी त्यांनी तो घातला होता, एवढे मला आठवते.

बाबांना जाऊन पाच वर्षे झाली. सदरा कपाटात आहे. एकदा आमच्या हिने तो बोहारणीसमोरच्या गठ्ठ्यात टाकला होता आणि एका स्टीलच्या डब्यावर सौदा जवळजवळ झाला होता. मी ऑफिसातून नेमका वेळेवर आलो. बँकेतला माणूस वेळेवर घरी येतो याचा घराण्याला झालेला हा एकमेव फायदा.

आणि आता आईच कात्री घेऊन बसली होती.

मी पंधरा दिवस टाळले. कपाटाची किल्ली सापडत नाही म्हणालो. शेवटी म्हणालो, "आई, तेवढाच आहे त्यांचा. कापलास की संपला."

आई म्हणाली, "त्यांनी जन्मभर जपून ठेवला आणि पुरता घातला नाही. आता तू जप. म्हणजे कापडाचा जन्म फुकट."

मला राग आला. दुसऱ्या दिवशी काउंटरवर बसून मी त्या रागाचा विचार केला. सदरा नक्की कुणाचा? वारस म्हणून माझा, की बायको म्हणून तिचा? आणि जपणे म्हणजे काय? न वापरणे, की वापरून संपवणे?

तेवढ्यात एक आजोबा आपले जुने पासबुक घेऊन आले. खात्यात वर्षानुवर्षे व्यवहार नव्हता. दोन वर्षे ग्राहकाने व्यवहार केला नाही की खाते निष्क्रिय होते, आणि दहा वर्षे झाली की पैसे रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जातात. २०१४ पासून तशी योजना आहे. वारस कागदपत्रे घेऊन आला तर पैसे परत मिळतात, पण तोवर त्या पैशाला आपले माणूस नसते. हे सगळे मी आजोबांना समजावून सांगत होतो आणि मला आमचे कपाट दिसत होते. पाच वर्षे एकही व्यवहार नाही.

मग दुसरी गोष्ट लक्षात आली, जी वीस वर्षे नोकरी करून लक्षात यायला हरकत नव्हती. बँकेत लोक दोन प्रकारे वस्तू ठेवतात. लॉकरमधली वस्तू जशीच्या तशी राहते. तिला व्याज नाही, उलट भाडे आपणच भरायचे. मुदत ठेवीवर व्याज मिळते, कारण आपण दिलेल्या नोटा बँक ठेवतच नाही. त्या कुणाच्या तरी घराला, कुणाच्या म्हशीला, कुणाच्या रिक्षाला लागतात. तरी तिला म्हणतात ठेव! मी बाबांना लॉकरमध्ये ठेवले होते. आई त्यांची ठेव करू बघत होती.

पण मनातला अकाउंटंट सहज ऐकत नाही. तो म्हणाला, कापलेले सगळेच पुन्हा शिवता येते असे नाही. हे खरेच आहे. आमच्याच डोंगरीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडण्यावरून २०२५ मध्ये केवढा वाद झाला. झाडाचे तुकडे जोडून झाड होत नाही. तेव्हा 'वापरा' म्हणणारा प्रत्येक जण शहाणा नसतो. कात्री कुणाच्या हातात आहे आणि कापल्यावर तो शिवायला बसणार आहे का, हे आधी पाहावे.

आई शिवायला बसणार होती. तिच्यासारखी आणखी एक बाई मला वाचनात भेटली. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची काळ्या शेतकऱ्यांची वस्ती आहे. तिथल्या मिसूरी पेटवे या बाईने १९४२ मध्ये नवरा वारल्यावर मुलीला हाताशी घेऊन त्याच्या कामावरच्या कपड्यांची गोधडी शिवली. त्याची आठवण राहावी आणि ती पांघरून निजता यावे म्हणून. पुढे २००२ मध्ये जीज बेंडच्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत भिंतींवर लागल्या. पण आधी त्या अंगावर होत्या. भिंतीचा नंबर माणसानंतर.

त्या संध्याकाळी किल्ली सापडली. मी सदरा आईच्या पुढ्यात ठेवला आणि पाणी प्यायला आत गेलो. कात्रीचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून नळ जरा जास्त वेळ सोडला. "पाणी वाया चाललंय," असे ही म्हणाली, पण नळ बंद करायला आली नाही.

गोधडी नाताळाच्या सुमारास पुरी झाली. टाके वाकडे आहेत. एके ठिकाणी दोरा संपला आणि नातीने निराळ्याच रंगाचा ओवून दिला, तोही तसाच आहे. मध्यभागी निळ्या रेघांचा तुकडा. आईने सदरा सगळा कापला, पण खिसा मात्र उसवला नाही. होता तसा गोधडीवर ठेवला आहे, वरून उघडा.

परवा थंडी होती. रात्री जाग आली आणि अंधारात हात त्या खिशात गेला. सवयीने चाचपून पाहिले. रिकामा होता. महिनाअखेर होती, आणि महिनाअखेरीला बाबांचा खिसा नेहमी रिकामाच असे.

ताळा जमला. मी झोपलो.