न सापडण्याचे प्रामाण्य

कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतील आमच्या जुन्या घराच्या माडीवर, खिडकीपाशी, 2011 साली घेतलेला एक संगणक आहे. 2019 च्या महापुरात पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे टाकली, तेव्हा खालच्या सोप्यातून जी मोजकी चीजवस्तू आम्ही घाईघाईने वर चढवली तीत धान्याची पोती, देव्हारा आणि हे यंत्र होते. पाणी उतरल्यावर धान्य आणि देव खाली गेले, यंत्र मात्र वरच राहिले. त्यातील प्रणाली विंडोज 7 या नावाची असून तिच्या कर्त्यांनी 14 जानेवारी 2020 रोजी तिची देखभाल सोडून दिली. म्हणजे तेव्हापासून हे यंत्र, कचेरीच्या भाषेत बोलायचे तर, बेवारस आहे.

गेल्या पावसाळ्यात या बेवारशाची प्रकृती बिघडली. सुरू व्हायला त्याला पाव तास लागू लागला, आणि पंचांग उघडावे तर रमीच्या जाहिराती समोर येऊन उभ्या राहू लागल्या. संशय आल्यावर मी त्यातल्याच विषाणुरोधक व्यवस्थेला शोधाचा हुकूम सोडला. तिने तीन तास सारे दप्तर चाळले आणि शेवटी हिरव्या अक्षरांत दाखला दिला, की कोणताही धोका आढळला नाही. हिरव्या शाईतील मजकुरावर विश्वास ठेवण्याची सवय ज्या पिढीच्या हाडीमासी खिळली आहे तिच्यातला मी; मी निश्चिंत झालो. माझा भाचा राजारामपुरीत संगणकदुरुस्तीचे दुकान चालवतो. त्याला मी हा दाखला मोठ्या अभिमानाने दाखवला, तेव्हा तो हसून म्हणाला, “मामा, आत बसून आतलं कसं सापडणार ओ? ज्याला धरायचं त्यालाच विचारायलाय की तुम्ही!”

त्याने खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला, यंत्र त्याच्या बळावर सुरू केले, आणि आमची मूळ तबकडी पंचनाम्यासाठी समोर ठेवलेल्या मुद्देमालासारखी निश्चेष्ट पडून असताना अर्ध्या-पाऊण तासात तिच्यातून दोन आगंतुक बाहेर काढले. तबकडी तीच होती, आणि आदल्या दिवशी तिच्यात काहीही सापडले नव्हते.

हा प्रसंग मला यंत्रशास्त्राचा न वाटता प्रमाणशास्त्राचा वाटला, आणि माझे आयुष्य संस्कृत शिकवण्यात गेले असल्याने तसे वाटणे कदाचित अपरिहार्यही असेल. एखादी वस्तू नाही, हे ज्ञान आपल्याला कशाने होते? जमिनीकडे पाहून आपण म्हणतो, येथे घट नाही. पण डोळ्यांना दिसली ती जमीन, ‘नाही’ हे काही डोळ्यांना दिसत नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेतील मीमांसकांनी, आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती या पाचांच्या पंक्तीत याकरिता सहावे पान मांडले आणि त्याला अनुपलब्धी असे नाव दिले. नैयायिकांना हा खर्च वायफळ वाटला. अभावाचेही प्रत्यक्षच होते असे त्यांचे म्हणणे. प्रभाकराचे अनुयायी तर म्हणाले, की अभाव म्हणून निराळे काही नाहीच, नुसती मोकळी जमीन आहे. या भाऊबंदकीचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. परंतु त्यात एक अट अशी आहे, की जी भाट्टांना मान्य, वेदान्त्यांना मान्य, नैयायिकांना मान्य आणि बौद्ध धर्मकीर्तीलाही त्याच्या परीने मान्य: न दिसण्याने न असणे सिद्ध व्हायचे असेल, तर ती वस्तू तेथे असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती आधी असली पाहिजे. हिला योग्यता म्हणतात. काळोखात चाचपडून ‘घट नाही’ असे सांगणाऱ्याची साक्ष ग्राह्य धरली जात नाही.

आता चोर एवढा शहाणा असेल, की तो घट चोरण्याऐवजी दिवाच मालवून ठेवील, तर? संगणकाच्या इतिहासात ही युक्ती फार उशिरा सुचली असेल असा माझा समज होता. पण आयबीएम धर्तीच्या व्यक्तिगत संगणकांमध्ये पसरलेला पहिला विषाणू म्हणून ज्याची गणना होते, तो 1986 साली लाहोरच्या दोन भावांनी रचलेला ‘ब्रेन’ नेमकी हीच युक्ती करीत असे. तबकडीच्या ज्या आरंभस्थानी तो ठाण मांडून बसे ते स्थान कोणी तपासू लागले, की तो मध्येच ती विचारणा अडवी आणि आधीच बाजूला जपून ठेवलेली मूळची निर्मळ प्रत पुढे करी. (त्या बंधूंनी आपल्या कृतीत स्वतःची नावे, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही नमूद केले होते, गुन्ह्याच्या जागी भेटपत्रिका ठेवून जाण्याइतका निरागसपणा त्या धंद्यात पुन्हा दिसला नाही.) पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर 11 आणि 13 ऑगस्ट 2018 रोजी जो दरोडा पडला आणि सुमारे 94 कोटी रुपये गेले, त्यातही मर्म हेच होते. एटीएमकडून आलेली विचारणा बँकेच्या खऱ्या व्यवस्थेपर्यंत पोचलीच नाही. मध्ये बसलेला एक तोतया प्रत्येक विचारणेला परस्पर होकार देत राहिला, आणि देशोदेशीच्या एटीएममधून नोटा बाहेर पडत राहिल्या. त्यांतली काही एटीएम आमच्या कोल्हापुरातली होती. खजिन्याच्या दारावरचा पहारेकरी जागाच होता, पण त्याला कोणी हाकच मारली नव्हती.

येथवर आल्यावर धार्मिक मनाला एक मोह होतो, आणि तो मलाही झाला हे कबूल करतो. ईश्वर दिसत नाही म्हणून नाही, असे म्हणणाऱ्याला उदयनाचार्यांनी न्यायकुसुमांजलीत याच योग्यतेच्या अटीवर अडवले आहे: जो इंद्रियांना दिसण्याजोगाच नाही, तो न दिसल्याने त्याचा अभाव कसा ठरणार? हा युक्तिवाद निर्दोष आहे. आमच्या पंचगंगेचे नाव त्याच्याच आधारावर उभे आहे असेही म्हणता येईल; कारण कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या डोळ्यांना दिसतात, पाचवी सरस्वती गुप्त आहे, आणि प्रयाग चिखलीच्या संगमावर ओंजळ सोडणारी म्हातारी चारच नद्या मोजून परत फिरत नाही. मात्र उदयनाचार्यांचा हा दिवा दोन्ही बाजूंना उजेड पाडतो, याचा आस्तिकाला सोयीस्कर विसर पडतो. न दिसण्याने नास्तित्व सिद्ध होत नाही, म्हणून अस्तित्व सिद्ध होते असे नव्हे. अन्यथा माझ्या यंत्रात न सापडलेले सर्वच विषाणू आहेत असे मानून मला ते यंत्रच पंचगंगेत सोडावे लागले असते. उदयनाचार्य स्वतः तेवढ्यावर थांबले नाहीत, त्यांनी ईश्वरसिद्धीसाठी स्वतंत्र अनुमाने मांडली, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे लक्षण आहे. म्हातारीचे निराळे, ती काही सिद्ध करायला गेलेली नसते.

मला अधिक बोचते ते या अटीचे दुसरे टोक, जे देवाकडे न वळता आपल्याकडे वळते. ‘माझ्या मनात काही किल्मिष नाही’ हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! भावकीच्या तंट्यात, संस्थेच्या सभेत, सुनेशी बोलताना, आणि मनोमन देवापुढेही. हे वाक्य खोटेच असते असे नाही. ते माझ्या संगणकाने दिलेल्या दाखल्यासारखे असते. शोध खरोखरच घेतलेला असतो, तीन तास घेतलेला असतो, आणि काही आढळलेलेही नसते; परंतु ज्या मनाने शोध घेतला ते मन ज्याच्या ताब्यात असण्याचा संशय आहे, त्याच्याच परवानगीने ते दप्तर उघडत होते. तुकोबांसारखे संत पानोपानी आपले दोष उगाळतात आणि आपण, ज्यांच्याजवळ दोषांची खरी शिल्लक आहे, स्वच्छ दाखला घेऊन फिरतो, या विसंगतीला विनय म्हणून बाजूला सारण्याची आपली पद्धत आहे. मला आता वाटते, तो विनय नव्हता. ज्याच्या खोलीत उजेड अधिक त्याला धूळ अधिक दिसते, इतकी ती साधी गोष्ट असावी.

मग बाहेरचा दिवा आणावा. गुरू, शास्त्र, स्नेही, निंदक, कोणीही. पण भाच्याच्या त्या पेन ड्राइव्हची शहानिशा कोणी केली होती? युनिक्स प्रणालीच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सन यांनी 1984 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात दाखवून दिले, की ज्या साधनाने आपण आज्ञावली घडवतो त्या साधनातच कपट पेरलेले असेल, तर आज्ञावलीचे अक्षर अन् अक्षर वाचूनही ते सापडणार नाही. दाखल्याला दाखला, त्याला आणखी एक दाखला. आपल्या शास्त्रकारांनी याला अनवस्था म्हटले आणि तो दोष मानला. कुमारिलांचे यावरचे उत्तर मला तरुणपणी पळवाट वाटे. ते म्हणतात, ज्ञान मुळात प्रमाणच असते. बाधक ज्ञान उपजले किंवा कारणात दोष आढळला, तरच ते मोडते. आणि तपासणी तीन-चार ज्ञानांपलीकडे नेण्याची गरज नाही. तीन-चारच का, असे मी वर्गात विचारले होते, आणि गुरुजींनी खडू ठेवून तास संपवला होता.

यंत्र शुद्ध झाल्यानंतरची गोष्ट राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सुरू करताच पडद्यावर एक चौकट उमटली: अमुक एक मॉड्यूल सापडले नाही. त्या मॉड्यूलचे नाव म्हणजे अर्थहीन अक्षरांची रांग. मी घाबरून भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “काय नाही मामा, त्यो गेलाय, नाव राहिलंय नुसतं.” यंत्र जागे होताना ज्यांना ज्यांना उठवायचे त्यांची एक यादी असते, आगंतुकाने तीत आपले नाव घुसडले होते, आगंतुक हटवला, यादी तशीच राहिली. हजेरीपटावरील मयत कारकुनाचे नाव रोज पुकारले जावे आणि रोज निरुत्तर राहावे, तशातला प्रकार.

म्हणजे ज्या हिरव्या दाखल्याने मला स्वस्थता दिली तो पोकळ होता, आणि जिने माझी गाळण उडवली ती चौकटच शुद्धीचा खरा पुरावा होती. कारण ती पुकारणी नेमक्या जागी, नेमक्या नावाने झाली होती, आणि तो तेथे असता तर उठलाच असता. अंबाबाईच्या किरणोत्सवात मावळतीचे किरण केव्हा आणि कोठे पोचायचे हे ठरलेले असते, 31 जानेवारीला आणि 9 नोव्हेंबरला चरणांशी. म्हणूनच ते पोचले नाहीत तर ‘पोचले नाहीत’ हे गाभाऱ्यासमोरचा प्रत्येक जण निश्चयाने सांगू शकतो, आणि मग ढगांना किंवा वाटेतल्या इमारतींना जाब विचारला जातो. शास्त्रकारांची योग्यता ती हीच.

या विचाराने मी इतका सुखावलो, की ती चौकट तशीच राहू दे असे भाच्याला सांगितले. रोज सकाळी अभावाचे दर्शन घडेल! त्याने ऐकले नाही. यादीत नाव राहिले आणि उद्या त्याच जागी त्याच नावाचा दुसरा कोणी येऊन बसला, तर यंत्र त्यालाही मुकाट्याने उठवील, हे त्याचे म्हणणे मला खोडता आले नाही. रविवारी येऊन त्याने ती नोंद पुसली, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. ते काही न बोलता उघडले.

“नक्की काही नाही ना रे आता?” मी विचारले.

“तीनदा बघितलंय, मामा,” तो म्हणाला, “आता चौथ्यांदा बघू, का चहा घेऊया?”