जिंकणाऱ्याचे बंधन

द्यूत हे सप्तव्यसनांपैकी एक. त्यात हरणारा दुःखी होतो, हे सर्वांस दिसते. परंतु जिंकणाऱ्याचे काय होते, याचा विचार साधकांनी अधिक केला पाहिजे.

महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ साली सुरू झाली. तिकीट घेणारा वासनिक म्हणतो, 'बक्षीस लागले तर ऋण फिटेल.' ऋण फिटतेही. द्रव्य हे स्वतः पाप नव्हे. पण श्रमाविना आलेले द्रव्य 'पुन्हा येईल' ही आशा मागे ठेवून जाते.

मोबाईलवरील जुगाराचीही हीच गती. २०२३ साली पोलिसांनी गोंदिया येथील एका घरावर छापा घालून मोठी रोकड व सोने जप्त केले. नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार अशी होती की, अशा जुगारात त्यास सुमारे ५ कोटी रुपये मिळाले आणि ५८ कोटी गेले. ते ५ कोटी हेच गळाचे आमिष होय.

याउलट सर्वज्ञांची पूर्वलीळा पाहावी. हरिपाळदेवांनी द्यूतात हार स्वीकारली. कमळाइसेने अलंकार देण्यास नकार दिला. पित्याने ऋण फेडले, तरी आलेली विरक्ती मावळली नाही. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून ते निघाले आणि ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध आले. तेथेच जगास श्रीचक्रधर लाभले. तात्पर्य असे की, हानी जीवास जागे करू शकते. लाभ बहुधा निजवितो.

म्हणून ज्यास बक्षीस लागले असेल, त्याने प्रथम ऋण फेडावे, उरल्यातून दीनांस अन्न द्यावे, आणि दुसरे तिकीट घेऊ नये. तो मोह सुटला, तरच तो जिंकला असे म्हणावे.