अडचण कोणाची?

मूल जन्मले की पहिला प्रश्न, मुलगा की मुलगी? क्वचित असे घडते की सुईणीला वा डॉक्टरला याचे उत्तर देता येत नाही. मग घरातील वडीलधारे पूर्वजन्मीच्या पापाकडे बोट दाखवितात. धम्म कारण शोधावयास सांगतो, आणि अशा अनेक मुलांच्या बाबतीत ते सापडलेले आहे.

गर्भात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे एका विकराच्या, म्हणजे एन्झाईमच्या, साहाय्याने अधिक प्रभावी संप्रेरकात रूपांतर होते आणि त्यातून मुलाचे बाह्य जननेंद्रिय घडते. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आल्यामुळे हे विकर कमी पडले, तर वृषण असूनही मूल बाहेरून मुलीसारखे दिसू शकते. डॉमिनिकन प्रजासत्ताकातील लास सालिनास गावच्या अशा मुलांविषयीचा अभ्यास ज्युलिअन इम्पेराटो-मॅकगिन्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. मुली म्हणून वाढलेल्या या मुलांचा आवाज वयात येताना फुटला, अंगकाठी पुरुषी झाली. १९७९ च्या त्यांच्या अहवालानुसार अशा १८ जणांपैकी १७ जण पुढे स्वतःला पुरुष मानू लागले. एक व्यक्ती मात्र स्त्रीच राहिली.

या सर्वांना पाळण्यातच शस्त्रक्रियेने ‘पक्की मुलगी’ केले असते तर? सतरा जणांवर अन्याय झाला असता. सर्वांना ‘पक्का मुलगा’ केले असते तर एकीवर झाला असता. नाव बदलता येते, कपडे बदलता येतात. कापून टाकलेला अवयव परत येत नाही.

याचा अर्थ उपचारच करू नयेत असा नव्हे. अधिवृक्क ग्रंथीतील २१-हायड्रॉक्सिलेज हे विकर कमी असले, तर कॉर्टिसॉल पुरेसे तयार होत नाही व पुरुषी संप्रेरके वाढतात. मुलीचे जननेंद्रिय मुलासारखे दिसू लागते. याच्या तीव्र प्रकारात शरीरातील मीठ वाहून जाते व मूल पहिल्या काही आठवड्यांतच दगावू शकते. येथे औषध ताबडतोब आणि जन्मभर दिलेच पाहिजे. परंतु मीठ वाहून जाण्याने मुलाचा जीव जातो, निराळ्या रूपाने जात नाही. ती अडचण पाहणाऱ्याची आहे. पाहणाऱ्याच्या अडचणीसाठी मुलाच्या अंगावर शस्त्र चालविणे कोणत्या नीतीत बसते?

लोक हिणवतील, लग्न जमणार नाही, ही आईबापांची भीती खोटी नाही. पण दोष हिणवणाऱ्यात आहे. सुधारणा तेथे व्हावयास हवी. जन्मावरून माणसाची पायरी ठरविली जाते तेव्हा काय भोगावे लागते, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये अशा अर्भकांवरील शस्त्रक्रिया थांबविण्यास सांगितले आणि जीवाला धोका असेल तेवढा अपवाद ठेवून तामिळनाडू शासनाने त्याच वर्षी तसा आदेश काढला. पण आदेशाची वाट कशाला पाहावयाची? रोगावर औषध द्यावे, मुलाला त्याच्या वयाला समजेल असे खरे सांगावे, आणि त्याच्या शरीराचा निर्णय तो घेण्याजोगा होईपर्यंत त्याच्यासाठीच राखून ठेवावा.