पिशवीमागचं भोक

रायफली रॅकवर ठेवा. लीव्हर उघडे, नळीत सेफ्टी फ्लॅग. आज सराव नाही. खाली बसा, बाकावर कोणी बसायचं नाही. आणि ती निळी पिशवी जिथे आहे तिथेच राहू दे.

काल कुलूप लावताना मी ती पिशवी सरकवली. मागे गिलावा उडालेला, आणि भोकात चेपून बसलेला शिशाचा छर्रा. टार्गेटं समोर दहा मीटरवर आहेत. ही भिंत तुमच्या पाठीमागे आहे. म्हणजे भरलेली रायफल अख्खी उलट फिरली होती.

मान वर कर. हो, तूच. ‘स्टॉप’ म्हटल्यावर रायफल रिकामी न करता तू मित्राला नवी साइट दाखवायला वळलास. “चुकून सुटली, सर” हे वाक्य माझ्यापुढे उच्चारू नकोस. ट्रिगरवर बोट होतं म्हणून सुटली. बोट बाहेर असतं तर रायफल भरलेली असूनही काही झालं नसतं. नळीचं तोंड टार्गेटकडे असतं तर बोट आत असूनही छर्रा पुठ्ठ्यातच गेला असता. रायफल रिकामी असती तर दोन्ही चुका पचल्या असत्या. तीन दारं होती, तिन्ही तू स्वतःच्या हातांनी उघडलीस.

तरी एवढ्यासाठी मी सराव बंद केला नसता. रायफल सुटली ती एका क्षणाची चूक होती. पिशवी तू विचार करून ठेवलीस. भोक केवढं आहे ते पाहिलंस, पिशवी उचललीस, नीट टेकवलीस, आणि पुन्हा येऊन नेम धरलास. मला राग त्याचा आहे. आणि तुम्ही चौघं? तुम्ही पाहिलंत. एकजण हसला. घरी जाताना एकानेही तोंड उघडलं नाही. त्याला दोस्ती म्हणत असाल तर असली दोस्ती मला माझ्या रेंजवर नको.

अरे, तुम्ही भिलाईची पोरं. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरून कोणी ना कोणी स्टील प्लांटच्या शिफ्टला जातं. 12 जून 2014 ला तिथे काय झालं ते घरी विचारा. पाण्याची पाइप फुटली, दाब पडला आणि पाण्याने अडवून धरायचा तो वायू पंपहाऊसमध्ये शिरला. कार्बन मोनॉक्साइड, रंग नाही, वास नाही. सहा माणसं गेली, त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. 9 ऑक्टोबर 2018 ला कोक ओव्हनच्या गॅसपाइपवर ठरवून काढलेलं देखभालीचं काम चालू होतं, तेव्हा आग भडकली आणि पुन्हा माणसं गेली. पोटासाठी धोक्याजवळ उभी राहणारी माणसं ‘थोडक्यात वाचलो’ हेसुद्धा लिहून देतात, कारण पुढच्या वेळी तिथे दुसराच कोणी उभा असणार हे त्यांना ठाऊक असतं. आणि तुम्ही हौसेने हातात हत्यार घेता आणि भोकापुढे पिशवी ठेवता!

हत्यार म्हटल्यावर कोण कुजबुजलं? 4.5 मिलिमीटरच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही, मला माहीत आहे. परवाना लागत नाही म्हणून ती खेळणं होत नाही. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा आणि वेग सेकंदाला सुमारे 170 मीटर. डोळा जायला एवढं पुरतं.

आता रायफलीच्या हवेच्या सिलिंडरचंही ऐका, कारण परवा एकाचा सिलिंडर मी हातातून काढून घेतला. गाडीच्या टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो. तुमच्या सिलिंडरमध्ये 200. त्यावर तारीख कोरलेली असते, मुदत संपली की तो भंगारात. 2025 साली दिल्लीच्या कर्णी सिंग रेंजवर हवा भरताना सिलिंडर फुटला आणि हवाई दलातल्या एका पिस्तूल नेमबाजाचा डावा अंगठा गेला. राष्ट्रीय पातळीचा खेळाडू, नवशिका नव्हे. आपल्या गावात ऑक्सिजनची बाटली मिळणं अवघड नाही, म्हणून निक्षून सांगतो, तिच्यातून सिलिंडर भरायचा विचारही मनात आणायचा नाही. दाबाखालचा ऑक्सिजन तेलाच्या डागाला लागला तरी ते तेल पेट घेतं. भरायची ती कोरडी, स्वच्छ हवा, आणि मी समोर असताना.

स्वप्निल कुसाळेचं पॅरिस ऑलिम्पिकमधलं कांस्यपदक तुम्हाला तोंडपाठ आहे. पण ज्या नियमांखाली तो नेम धरतो, त्यांत हत्यार धोकादायकपणे हाताळणाऱ्याला तिथल्या तिथे बाद करता येतं, मग त्याचा स्कोअर कितीही असो. ते वाचलंत का कोणी?

काल काय करायला हवं होतं? बोट बाहेर काढायचं, नळी टार्गेटकडे करायची, लीव्हर उघडायचा आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायचं, ‘स्टॉप!’ स्टॉप म्हणायला सर लागत नाहीत, सगळ्यांत लहान पोरानेही म्हणावं. मग आधी माणसं बघायची, भिंत नंतर. कोणाला लागलंच तर छर्रा उकरायचा नाही. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही, धुवायचं नाही, दाबायचं नाही. वर कागदी पेला पालथा धरायचा आणि थेट सेक्टर 9 चं हॉस्पिटल गाठायचं. छर्रा नळीत अडकला तर दुसरा मारून ढकलायचा नाही. नळी समोर ठेवून हात वर करायचा, मी येतो. आणि घरी जाण्याआधी हात साबणाने धुवायचे. शिसं बोटांवर असतं, त्याच बोटांनी तुम्ही समोसे खाता.

ऊठ. कपाटातून टेप आण. पिशवी तूच काढ.

या बाकावर रोज पावणेसहाला तुझी धाकटी बहीण तुझी वाट बघत बसते. काल तिला ताप होता म्हणून आली नाही. आज आली आहे, दाराशी उभी आहे. तिला बोलाव, इथे बसव, पाठ भिंतीला टेकून, रोज बसते तशी. आधी जमिनीपासून भोकापर्यंत मोज. मग जमिनीपासून तिच्या डोळ्यांपर्यंत. दोन्ही आकडे रजिस्टरमध्ये लिही, खाली तारीख आणि सही. आणि मोठ्याने वाच, मागच्यांना ऐकू गेलं पाहिजे.